उलट टपाली उत्तर

ज्यांनी टपालखात्याचा भरभराटीचा काळ पाहिला आहे, त्यांना जोडकार्ड आठवत असेल. एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डे. पहिल्यावर मजकूर लिहावयाचा आणि दुसऱ्यावर स्वतःचा पत्ता घालून ते कोरे सोडावयाचे. उत्तराचे टपालमूल्य पाठविणाऱ्यानेच आधी भरलेले असे. ज्याच्या हाती ते पडे, त्याने दोन ओळी लिहून आपला अर्धा भाग पेटीत टाकला की काम झाले. उत्तर यावे अशी ज्याची इच्छा आहे, त्यानेच उत्तराचा खर्च आणि खटाटोप आपल्या शिरावर घ्यावा, असा साधा विचार त्या कार्डामागे होता.

आज पत्र पाठविण्यास पैसा पडत नाही आणि उत्तर देण्यासाठी पेटीपर्यंत चालत जावे लागत नाही. १९७१ साली रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांमध्ये पहिला ई-मेल पाठविला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. व्यवहारातले पत्र म्हणजे ई-मेल, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला अप्रूप राहिलेले नाही. तरीही कोणत्याही कचेरीत वा कारखान्यात गेल्यास एक वाक्य हटकून कानी पडते: ‘मेल केव्हाच टाकला आहे, उत्तरच नाही.’

हे केवळ शिष्टाचाराचे दुखणे नव्हे. पुण्याजवळचे भोसरी, बंगळूरचे पीण्या किंवा बडोद्याचे मकरपुरा अशा एखाद्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवून देणारा लघुउद्योजक डोळ्यांपुढे आणावा. मोठ्या कंपनीकडून आलेल्या ड्रॉइंगमधील एक माप त्याला संदिग्ध वाटते. तो ई-मेलने विचारणा करतो. दहा-बारा दिवस उत्तर येत नाही. यंत्र रिकामे ठेवावे की अंदाजाने माल काढावा, या पेचात तो सापडतो. पुढे माल जातो, बिल जाते, आणि ‘बिल मिळाले का, काही हरकत आहे का’ या पत्रालाही उत्तर येत नाही. बँक कॅश क्रेडिट खात्यावर उचल देते ती मालाचा साठा आणि येणी यांच्या हिशेबावर. मंजुरीच्या अटींत ठरलेल्या मुदतीपेक्षा, बहुधा नव्वद दिवसांपेक्षा, जुनी झालेली येणी त्या हिशेबातून गळतात. म्हणजे बिल तेच, माल तोच आणि ग्राहकही तोच. परंतु एक्क्याण्णवाव्या दिवशी त्या उद्योजकाची ड्रॉइंग पॉवर उतरते आणि नेमका कामगारांच्या पगाराचा आठवडा तोंडावर आलेला असतो. एका न आलेल्या उत्तराची किंमत अशी रुपयांत मोजता येते.

प्रश्न कोठे आहे?

उत्तर न आलेले पत्र पुन्हा उघडून, जणू आपणच ते पाठविलेले नाही अशा नजरेने वाचून पाहावे. पुष्कळदा त्यात प्रश्नच सापडत नाही. नमुन्यादाखल असे एक पत्र पाहा:

‘महोदय, आपल्या ऑर्डरसंदर्भात मागील आठवड्यात झालेल्या चर्चेस अनुसरून सुधारित ड्रॉइंग व दरपत्रक सोबत जोडले आहे. मटेरियलच्या दरात वाढ झाल्याचे आपणांस ज्ञात आहेच. तसेच दुसऱ्या लॉटबाबतही निर्णय अपेक्षित आहे. तरी योग्य ती कार्यवाही होऊन लवकरात लवकर कळवावे, ही विनंती.’

भाषा सौजन्याची आहे, व्याकरण शुद्ध आहे. मात्र हे पत्र ज्याला मिळाले त्याने करावयाचे काय? दोन जोडपत्रे उघडावयाची, जुन्याशी ताडून पाहावयाची, मागील आठवड्यातील चर्चा आठवावयाची, दरवाढ मागितली आहे की नुसती कळविली आहे याचा तर्क करावयाचा, आणि ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे कोणती हेही स्वतःच ठरवावयाचे. शिवाय तो हे सारे बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, दोन बैठकांच्या मधल्या पाच मिनिटांत वाचत असतो. ‘संध्याकाळी निवांतपणे पाहू’ असे म्हणून तो पुढे जातो. तो निवांतपणा येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चाळीस पत्रांच्या खाली हे पत्र गाडले जाते. त्याचा हेतू वाईट नव्हता. जोडकार्डाचा दुसरा अर्धा भाग त्याला कोणी दिलाच नव्हता.

तेच पत्र असेही लिहिता येते:

‘विषय: ब्रॅकेटच्या छिद्राचा व्यास ८ की ८.५ मि.मी.? गुरुवारपर्यंत निर्णय हवा.

महोदय, सुधारित ड्रॉइंगमध्ये छिद्राचा व्यास पहिल्या पानावर ८ मि.मी. व दुसऱ्या पानावर ८.५ मि.मी. असा आहे. आपण दिलेला बोल्ट ८.५ मि.मी.च्या छिद्रात नीट बसतो, असे नमुन्याच्या तुकड्यावर आढळले, म्हणून ८.५ ठेवावा असे आम्ही सुचवितो. “८.५ मान्य” एवढेच कळविले तरी पुरे. गुरुवारी सायंकाळी ५ पर्यंत उत्तर आल्यास माल ठरल्याप्रमाणे सोमवारी निघेल. उशीर झाल्यास तेवढे दिवस पुढे जाईल. दराविषयी स्वतंत्र पत्र पाठवीत आहोत.’

या पत्राला उत्तर देण्यास अर्धे मिनिट पुरते आणि एकही जोडपत्र उघडावे लागत नाही. काय हवे ते विषयाच्या ओळीतच आहे. लिहिणाऱ्याने स्वतः विचार करून एक शिफारस केली आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला केवळ होकार किंवा नकार द्यावयाचा आहे. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना दिवस नसतो, म्हणून त्यांचा दिवस कधी उजाडत नाही. येथे वार आणि वेळ दिली आहे आणि ती चुकल्यास काय होईल तेही सांगितले आहे. सांगितले आहे ते धमकीच्या सुरात नव्हे, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या सुरात.

ही कला आपल्याकडे नवी नाही. सरकारी कचेरीतील जुने मुरलेले कारकून फाईलवर टिपण लिहीत, त्याची घडण हीच असे. आधी प्रकरणाची हकिगत, मग नियम काय म्हणतो ते, नंतर पूर्वी अशा प्रकरणी काय झाले ते आणि शेवटी प्रस्ताव, ‘मान्यतेस्तव सादर’. साहेबाने ‘मान्य’ लिहून सही केली की निर्णय झाला. लाल फितीला आपण पुष्कळ नावे ठेवतो आणि ती बव्हंशी रास्तही आहेत. परंतु वरिष्ठाचे काम एका शब्दावर आणून ठेवण्याचे त्या टिपणलेखकांचे कसब आजच्या ई-मेलमधून हरवले आहे, ही गोष्ट मान्य करावी लागेल.

एका पत्रात एकच प्रश्न ठेवणेही त्यातच येते. तीन प्रश्नांच्या पत्रात एकाचे उत्तर तयार नसले की उरलेली दोन त्याच्यासाठी खोळंबतात. दराचा प्रश्न हा नेहमीच असा खोळंबा करणारा असतो, म्हणून वरील नमुन्यात तो मुद्दाम बाजूला काढला आहे.

दोन घरचा पाहुणा

पत्र सहा जणांना पाठविले म्हणजे निदान एकाचे तरी उत्तर येईल, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. अनुभव उलट आहे आणि मराठी म्हणीने तो केव्हाच सांगून ठेवला आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल.

१९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत बसून प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या समोर भिंतीतील झडपेतून धूर सोडण्यात येई. विद्यार्थी एकटा असला की शंभरातील पंचाहत्तर जण उठून कोणालातरी कळवीत. मात्र शेजारी शांतपणे लिहीत बसलेले दोघे, जे प्रयोगकर्त्यांनीच बसविलेले असत, असले की शंभरातील जेमतेम दहा जण उठत. समोर धूर दिसत असताना ही गत, तर ‘टू’च्या रकान्यातील पाच नावांपैकी एकाने आपणहून दरपत्रकाचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणावी लागेल.

यावर उपाय फारसा अवघड नाही. ज्याने निर्णय घ्यावयाचा त्या एकाचेच नाव ‘टू’मध्ये असावे आणि पत्राच्या पहिल्या ओळीत त्याला नावाने संबोधावे. इतरांना प्रत द्यावयाचीच असेल तर ती का दिली, हे एका ओळीत सांगावे: ‘स्टोअर विभागास माहितीसाठी प्रत, त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.’ ‘सी.सी.’ म्हणजे कार्बन कॉपी हे टंकलेखन यंत्राच्या जमान्यातले शब्द. त्या काळी चौथी-पाचवी प्रत फिकट निघे, म्हणून प्रत कोणाला पाठवावी याचा विचार होत असे. आता सगळ्याच प्रती ठळक निघतात आणि तो विचार मात्र पुसट झाला आहे.

एखाद्याच्या वरिष्ठाला मुद्दाम प्रत पाठवून उत्तर मिळविण्याची युक्ती एकदा चालते. त्यानंतर तो माणूस उत्तर देतो ते वरिष्ठाला दाखविण्यासाठी देतो, काम पुढे नेण्यासाठी नव्हे. फार अडल्याखेरीज ती वापरू नये.

साहेबांचे मौन

ग्राहकापेक्षा स्वतःच्या वरिष्ठाकडून उत्तर मिळविणे कित्येकदा अधिक कठीण असते. कारण तेथे आग्रह धरण्यास संकोच वाटतो. वरिष्ठाच्या मौनाची कारणे दोन-तीनच असतात. एक, त्याला वेळ नाही. दुसरे, निर्णय त्याच्या अधिकारात नाही आणि तसे म्हणणे त्याला आवडत नाही. तिसरे कारण सर्वात सामान्य आणि सर्वात कमी ओळखले जाणारे: त्याला ‘नाही’ म्हणावयाचे आहे.

आपल्याकडे तोंडावर नकार देणे असभ्य समजले जाते. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘विचार करून सांगतो’ या शब्दांत किती होकार आणि किती नकार आहे, हे बोलताना चेहऱ्यावरून समजते. ई-मेलला चेहरा नाही. तेथे ‘बघू’ लिहिणेही अवघड वाटते, मग माणूस काहीच लिहीत नाही. म्हणून उत्तर हवे असेल तर नकाराची वाट विचारणाऱ्यानेच मोकळी करून द्यावी. ‘या वर्षी हे शक्य नसल्यास तेवढे कळवावे, म्हणजे त्या रकमेची तरतूद अन्यत्र वळविता येईल’ असे एक वाक्य घातल्यावर कित्येक आठवडे अडलेली पत्रे हलतात. आणि नकार आला तरी तोही निर्णयच असतो. त्यावर पुढचे पाऊल टाकता येते. अनिश्चिततेवर काहीच उभारता येत नाही. त्याचप्रमाणे ‘हा विषय आपल्याकडे नसेल तर कोणाकडे पाठवावा?’ असे विचारल्याने अधिकार नसलेल्या वरिष्ठालाही सन्मानाने बाजूला होता येते.

पत्र केव्हा पाठविले, यालाही महत्त्व आहे. लेखा विभागाला महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरण्याच्या धांदलीत, थकबाकीचे पत्र पाठविणे म्हणजे लग्नघरी उधारी मागण्यास जाण्यासारखे आहे. मार्चच्या अखेरच्या आठवड्याबद्दल तर बोलावयासच नको.

महाराष्ट्राबाहेर नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. इंदूरहून हैदराबादला लिहिलेले पत्र बहुधा इंग्रजीत असते, आणि ती भाषा लिहिणाऱ्याची नसते तशीच वाचणाऱ्याचीही नसते. आडवळणाचे सौजन्य, सूचकता, मिस्कीलपणा हे सारे दोन भाषांतरांच्या मधल्या फटीत गळून पडते. अशा पत्रात वाक्ये आखूड असावीत, आकडे अंकांत असावेत आणि तारखेला महिन्याचे नाव जोडावे.

स्मरणपत्राचा सूर

उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावयाचे, आणि येथेच बहुतेकांचा तोल जातो. ‘यापूर्वी दोनदा कळवूनही’ ही सुरुवात लिहिणाऱ्याचे समाधान करते. वाचणाऱ्याला मात्र ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, आपण ई-मेलमध्ये केलेला उपरोध वाचणाऱ्याला ओळखू येईल असे लिहिणाऱ्यांना खात्रीने वाटत होते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा बरा ठरला नाही. लिहिताना आपला आवाज आपल्याच कानात घुमत असतो, तो पत्राबरोबर जात नाही. म्हणून स्मरणपत्रातील थट्टा टोमणा वाटण्याची आणि टोमणा उद्धटपणा वाटण्याची शक्यता गृहीत धरावी.

चांगले स्मरणपत्र मूळ पत्राच्याच साखळीत जाते, म्हणजे आधीची कागदपत्रे खालीच सापडतात. मात्र ‘खालील मेल पाहावा’ असे म्हणून ते थांबत नाही. प्रश्न पुन्हा वर, ताज्या शब्दांत मांडला जातो आणि दरम्यान काही बदलले असेल तर तेही नमूद होते: ‘पत्र्याचा भाव पुरवठादाराने ३० तारखेपर्यंतच धरून ठेवला आहे.’ अशा नव्या माहितीमुळे स्मरणपत्राला स्वतःचे कारण मिळते.

दुसऱ्या स्मरणपत्रानंतर मात्र ई-मेलचा हट्ट सोडून दूरध्वनी उचलावा. महदी रोघनिजाद आणि व्हनेसा बोन्स यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांना तीच विनंती, त्याच शब्दांत, काहींनी समक्ष केली व काहींनी ई-मेलने. समक्ष विनंतीला मिळालेला होकार चौतीस पट निघाला. नेहमीच्या ग्राहकाच्या बाबतीत एवढे अंतर पडणार नाही हे उघड आहे, तरी दिशा तीच राहते. दूरध्वनीवर काम झाल्यावर आठवणीने त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल जावा: ‘आज दुपारी दूरध्वनीवर ठरल्याप्रमाणे व्यास ८.५ मि.मी. ठेवून काम सुरू करीत आहोत. यात काही फरक असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे.’ बोलण्याने निर्णय मिळतो आणि लिहिण्याने तो टिकतो.

मौनाचा अर्थ

आता शेवटच्या ओळीतील ‘फरक असल्यास कळवावे’ या शब्दांविषयी. कळविलेच नाही तर ते मान्य समजावयाचे का? व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा लाखमोलाचा प्रश्न आहे, आणि कायदा त्याचे एकच एक उत्तर देत नाही.

इंग्लंडमध्ये १८६२ साली निकालात निघालेला एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. पॉल फेल्टहाउस नावाच्या गृहस्थाने पुतण्याला लिहिले की, तुझा घोडा मी ३० पौंड १५ शिलिंगांना घेतो. तुझे काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे मी धरून चालेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. पुढे बिंडली नावाच्या लिलाव करणाऱ्याने तो घोडा चुकून विकून टाकला आणि काकाने त्याच्यावर दावा लावला. न्यायालयाने दावा फेटाळला: दुसऱ्याच्या मौनावर एकतर्फी करार लादता येत नाही. नवा सौदा, नवा दर, वाढीव काम यांबाबत हेच तत्त्व ध्यानात ठेवावे. ‘उत्तर न आल्यास दरवाढ मान्य समजू’ हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे, पण त्याच्या भरवशावर माल काढणे धोक्याचे आहे.

उलट, उत्तर आले तर दोन शब्दांनाही केवढे वजन येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१० मधील ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या निकालावरून दिसते. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ऑक्टोबर २००७ मध्ये ई-मेलच्या देवघेवीतून ठरला होता. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती ई-मेलमधून स्पष्ट दिसत असल्याने करार पूर्ण झाला, असे न्यायालयाने मानले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०-अ याच आशयाचे आहे: करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो निरर्थक ठरत नाही. कोणत्या ई-मेल पत्त्यावर पत्रव्यवहार व्हावा हे परचेस ऑर्डरमध्येच लिहून घेणे यासाठी हिताचे. नेमून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत पत्र पोचले की ते मिळाले, असा त्या कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे.

मौनाला कायद्यानेच अर्थ दिला आहे अशी ठिकाणेही आहेत. माहिती अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यानुसार अर्जाला मुदतीत, म्हणजे सर्वसाधारणपणे ३० दिवसांत, उत्तर आले नाही तर माहिती नाकारली असे समजले जाते. लघुउद्योजकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा कायदा म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल पोचविल्यापासून अथवा सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याचा दिवस हाच तो स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. येथे मौन म्हणजे स्वीकृती. त्या दिवसापासून पैसे देण्याची मुदत लेखी कराराने ठरविता येते, मात्र ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने, व्याज द्यावे लागते.

यावरून एक साधी सवय लावून घेता येईल. माल पोचला त्याच दिवशी चलान क्रमांक, नग आणि तारीख देणारा तीन ओळींचा ई-मेल जावा आणि ‘मालाबाबत काही हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावे’ हे वाक्य त्यात असावे. या पत्राला उत्तर आले तर दोष वेळीच समजतो. न आले तरी तारीख नोंदली जाते. उद्योगाची उद्यम नोंदणी झालेली असणे मात्र आवश्यक आहे, आणि नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असावा.

थकलेल्या बिलाच्या पत्रात आपली अडचण सांगण्यापेक्षा खरेदीदाराचे हित सांगणे अधिक उपयोगी पडते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर त्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट खरेदीदाराला व्याजासह परत करावे लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेली आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली तरतूद अशी की, सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वरील मुदतीत चुकविले नाही, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. ‘आमची तारांबळ उडाली आहे’ या वाक्याकडे लेखा विभाग दुर्लक्ष करू शकतो. ‘या बिलाचे १८० दिवस येत्या १४ तारखेस पूर्ण होत आहेत’ याकडे करता येत नाही, कारण त्याचा जाब त्यालाच द्यावा लागणार असतो. एवढे करूनही उपयोग न झाल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परंतु त्या कलमाचा उल्लेख पहिल्याच पत्रात करून संबंध बिघडविण्यात शहाणपण नाही.

बिलाला खरेदीदाराचा होकार मिळविण्याची आणखी एक सोय ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या व्यासपीठांवर खरेदीदाराने बिल स्वीकारले की बँका व वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला पैसे लवकर मिळतात. वार्षिक उलाढाल २५० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी करणे केंद्र सरकारने २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले. आपला ग्राहक या यादीत बसत असेल, तर ‘बिल मिळाले का?’ या पत्रापेक्षा ‘बिल ट्रेड्सवर घातले आहे, कृपया स्वीकारावे’ हे पत्र कितीतरी अधिक कामाचे.

उत्तराची घाई करणाऱ्या पत्रांना भोळेपणाने उत्तर देऊ नये, हेही येथेच सांगणे इष्ट. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यात भरावी’ किंवा ‘मी बैठकीत आहे, तातडीने एवढी रक्कम पाठवा’ असा ई-मेल ओळखीच्या नावाने आला, तरी पत्रातील नव्हे तर आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. रक्कम गेलीच असेल तर क्षणाचा विलंब न लावता बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. विषयाच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘अतितातडीचे’ लिहिण्याची खोड ज्यांना आहे, त्यांनीही याचा विचार करावा. सावध माणूस असे पत्र आता उघडतही नाही.

बँकेला लिहिलेल्या पत्रालाही वरील सर्व गोष्टी लागू पडतात, आणि तेथे मौनाला मुदतही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत, बँकेकडे केलेल्या तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास ग्राहकाला लोकपालाकडे जाण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. त्याआधी, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की, खात्यावरील व्यवहाराची सूचना देणाऱ्या संदेशाला किंवा ई-मेलला ग्राहकास तेथल्या तेथे उत्तर देऊन हरकत कळविता आली पाहिजे. त्यासाठी दुसरा पत्ता शोधत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. अशी हरकत नोंदविल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक आणि त्यावरील तारीख-वेळ ग्राहकाने जपून ठेवावी, कारण अनधिकृत व्यवहारात नुकसानीचा किती भाग कोणी सोसावयाचा, हे हरकत किती दिवसांत कळविली यावरून ठरते.